पंचवीस पौंडांत स्टेल्व्हिओ

रविवार, रात्र.

१९५२ च्या उन्हाळ्यात डोव्हरहून मोटरसायकलवर, इटलीतल्या आल्प्समधल्या स्टेल्व्हिओ घाटाकडे, एकट्यानं निघणाऱ्या विशीतल्या इंग्रज पोराला परकी चलन मिळायचं २५ पौंडांचं. तेही वर्षभरासाठी. १९५० च्या अखेरीस ही मर्यादा १०० पौंडांपर्यंत सैल झाली होती; नोव्हेंबर १९५१ मध्ये ती ५० वर आली आणि जानेवारीत २५ वर. बोटीचं तिकीट घरीच पौंडांत काढता येई. पण समुद्रापलीकडचा पाव, झोपायची जागा आणि गॅरेजवाल्याचं बिल याच पैशांतून. युद्धानंतरच्या एकट्या सफरींचा विषय निघाला की धाडसाचं कौतुक होतं. मला आधी हा आकडा दिसतो, कारण कुठली गाडी न्यायची ते त्यानंच ठरतं.

माझं मत बीएसए एम-२० या लष्करी मोटरसायकलला. युद्धात अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या आणि नंतर लष्करानं त्या विकायला काढल्या. ४९६ सीसी, साइड-व्हॉल्व्ह (म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला), १३ हॉर्सपॉवर, मागे सस्पेन्शन नाही. जड आणि संथ. पण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण, जेमतेम ५ ला १, त्यामुळे सत्तरच्या आसपास ऑक्टेनचं तेव्हाचं हलकं पेट्रोल तिला पचतं. तेच पेट्रोल घालून जास्त कॉम्प्रेशनची वेगवान गाडी घाटात चढवली की नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी टकटक, सुरू होतं आणि पिस्टनवर येतं.

सुटे भाग इंग्लंडातच घ्यायचे, कारण तिथले पौंड मर्यादेत मोजले जात नाहीत. एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्प्रिंगसकट, हेड गॅस्केट, दोन प्लग, ट्यूब, चेनच्या जोडकड्या. क्लचची जादा केबल जुन्या केबलला समांतर आधीच बांधून ठेवावी. तुटली तर फक्त टोकं बदलायची. जोडकडीच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते तिकडे हवं, नाहीतर क्लिप उडते.

कागदांत सर्वांत महत्त्वाचं कार्ने, म्हणजे गाडीचं जकातपुस्तक. तेव्हा प्रत्येक देशात शिरताना एक भाग फाडून शिक्का, बाहेर पडताना दुसरा. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तर गाडी तिथेच विकली असं धरून जकात मागत. पावसात, रांगेत, घाईत हाच शिक्का राहायचा.

बेल्जियमचे दगडी फरसबंद रस्ते मागचं कॅरिअर खातात. भेग पडते ती जोडाशीच, म्हणून जड सामान मागे न लादता दोन्ही बाजूंना, चाकाच्या आसाच्या जितकं जवळ तितकं बरं. संध्याकाळी सगळ्या नटांवरून पाना फिरवायचा, स्पोक टिचकी मारून ऐकायचे. चेनला पाऊण इंच ढील. जर्मनीत तेव्हा तात्पुरत्या पुलांवर फळ्या असत. ओल्या फळीवर ब्रेकही नको आणि हँडलही वळवायचं नाही. राइनकाठी रेमागेनला पुलाचे नुसते बुरूज उभे आहेत. १७ मार्च १९४५ ला कोसळलेला तो पूल पुन्हा बांधलाच नाही.

पुढे ऑस्ट्रियातलं टिरोल, तेव्हा फ्रेंच ताब्यात. फर्नपास, लांडेक, मग इटलीत उतरणारी रेशेन खिंड. तिथे धरणाचं पाणी भरून दोनच वर्षं झालेली. ग्राउन गाव तळाशी आणि चर्चचा मनोरा पाण्याबाहेर.

स्टेल्व्हिओच्या पायथ्याशी, प्रातोला, मुक्काम करावा आणि सकाळी इंजिन गार असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हखालची फट, बघावेत: इनटेक १० थाऊ (इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट १२. साइड-व्हॉल्व्हमध्ये एक्झॉस्टचा मार्ग सिलिंडरला खेटून जातो, तिथली उष्णता लवकर निघत नाही. सीट झिजली की फट कमी होते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. किक मारताना दाब कमी लागला तर समजावं. सकाळी निळा धूर खूप आला तर घाबरू नये. ऑइल अडवणाऱ्या गोळीच्या झडपेत कचरा अडकून टाकीतलं ऑइल रात्रीत खाली क्रँककेसमध्ये उतरलेलं असतं.

घाट २७५७ मीटर उंच, या बाजूनं ४८ वळणं. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहूनही कमी, म्हणजे १३ हॉर्सपॉवरचे नऊ-साडेनऊ उरतात. हवा विरळ, पेट्रोल तेवढंच: प्लग काळा पडतो. अमाल कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक खाच वर सरकवली की सुई खाली उतरते आणि मिश्रण पातळ होतं. हँडलवरच्या लिव्हरनं इग्निशन थोडं मागे घ्यावं, पण टकटक थांबेल इतपतच. जास्त मागे घेतलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतो.

मधेच गाडी बंद पडली आणि गार झाल्यावर सुरू झाली, तर कार्ब्युरेटर उघडत बसू नये. गरम असतानाच प्लग काढून हेडवर टेकवावा आणि किक मारावी. ठिणगी नसेल तर मॅग्नेटोची (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाची) वाइंडिंग उष्णतेनं दगा देतेय. उपाय एकच, थांबत थांबत चढणं.

उतारावर थ्रॉटल सतत बंद ठेवला तर सिलिंडरमधल्या ओढीनं ऑइल रिंगांवरून वर येतं आणि प्लग भिजतो. दर दोन-तीन वळणांनी क्षणभर थ्रॉटल उघडावा. ब्रेक ड्रमचे, तापले की धरत नाहीत. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं. बोर्मिओच्या खाली, सपाटी लागण्याआधी, सुई पूर्वीच्या खाचेत आणायची. पातळ मिश्रणावर मिलानकडे पळवली तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो.