दारात काय लावू?

कोकणात गावी घर बांधून झालं की मुंबईची मंडळी मला हमखास विचारतात, "दारात हापूसचं कलम लावू ना?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. हापूस नको, रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड लावा.

हापूस मलाही प्रिय आहे, पण त्याचा पसारा मोठा. बागेत दोन कलमांमध्ये 10 मीटर अंतर ठेवतात ते उगाच नाही. भिंतीलगत लावलेलं कलम पुढे कौलांवर येतं आणि ऐन भरातल्या फांद्या तोडाव्या लागतात. त्यात तो वर्षाआड धरतो, मोहोरावर तुडतुडे येतात, म्हणजे फवारणी आली. गणपतीला आणि मे महिन्यातच उघडणाऱ्या घराला हे झेपत नाही.

रातांबा बारमाही हिरवा. वर निमुळता होत जातो, फांद्या खाली झुकलेल्या, सावली दाट. तांबूस पालवी फुटते तेव्हा नुसतं बघत बसावं. फळं पिकतात ती तुम्ही गावी असता तेव्हाच. सालींची आमसुलं, रसात मीठ घालून आगळ, साखरेत मुरवलं की सरबत, आणि बियांचं घट्ट तेल, म्हणजे भिरंडेल, थंडीत भेगाळलेल्या टाचांना. एका झाडाने घराला आणखी काय द्यायचं?

मात्र बियांपासून केलेलं रोप घेऊ नका. रातांब्यात नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि लहानपणी दोन्ही दिसायला सारखीच. बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. 7-8 वर्षं वाट बघायची, मग झुपक्यांनी फुलं येतात आणि सगळी गळून जातात. म्हणून मादी झाडाचंच कलम घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' अशा जाती दिल्या आहेत. कलम निवडताना शेंडा नीट बघा. रोपावर उभ्या शेंड्याची काडी बांधलेली असेल तर झाड सरळ वाढतं, आडव्या फांदीची असेल तर झुडपासारखं पसरतं. दारात सरळच हवं.

खड्डा मे महिन्यातच काढून ठेवा, 2 फूट लांब, रुंद, खोल. ऊन खाऊ दे त्याला. जांभ्याचा कातळ लागला तर तळ पहारेने फोडा, नाहीतर पावसाळाभर त्यात पाणी साठून मुळं कुजतात. माती आणि कुजलेलं शेणखत भरताना जमिनीपेक्षा वीतभर उंच भरा, पहिल्या पावसांत ते खाली बसतं. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. शेजारी काठी रोवून सैलसर बांधा, आणि सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी अजून असेल तर कलम जुळल्यावर सोडा, ती खोडाला काचते. सांध्याखालून येणारा फुटवा दिसला की काढून टाका. तो वाढला तर वरचं कलम मागे पडतं.

पावसाळ्यात झाड आपलं आपण वाढतं. खरी कसोटी पहिल्या दोन उन्हाळ्यांची. वर झावळ्यांची सावली, बुंध्याशी पातेऱ्याचा, म्हणजे सुक्या पानांचा जाड थर आणि वेळच्या वेळी पाणी, एवढं हवंच. म्हणून मुंबईला परतण्याआधी पाणी कोण घालणार ते शेजारीपाजारी बोलून पक्कं करा. ते जमत नसेल, तर यंदा लावू नका. पुढच्या जूनमध्ये लावा.