यातलं कोणी जिवंत आहे का?

दर जूनला तत्त्वज्ञानाच्या वर्गात फळ्यावर प्लेटो, कांट, मिल अशी तत्त्वज्ञांची नावं लिहिली, की मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, यातलं कोणी जिवंत आहे का?" लग्नकार्यात नातेवाईकही तेच विचारतात, जरा आडून. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आहेत. माझ्या आवडीच्या बाई अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवतात. एलिझाबेथ अँडरसन, जन्म १९५९चा. हार्वर्डला राजकीय तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या हाताखाली पीएच.डी. केली, १९८७ साली मिशिगनला रुजू झाल्या, त्या तिथेच आहेत. ना तुरुंग, ना हद्दपारी. चरित्रकाराची पंचाईतच.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती १९९९च्या एका लेखात. समता हवी ती कशासाठी, हा त्यातला प्रश्न. तेव्हाचे बरेच समतावादी म्हणत, ज्याचं नशीब खोटं त्याला भरपाई द्या. स्वतःच्या चुकीनं बुडाला तर त्याचं तो बघेल. अँडरसनबाईंनी अशी भरपाई वाटणारं एक सरकारी मंडळ कल्पिलं आणि चेकसोबत जाणारी पत्रंच लिहून दाखवली. अपंगांना: तुमचं जगणं आमच्यापेक्षा कमी मोलाचं, म्हणून ही जादा रक्कम. दुसरं पत्र मठ्ठांना, तिसरं कुरूप आणि चारचौघांत वावरता न येणाऱ्यांना. वाचताना आधी हसू येतं.

मला आठवीचा वर्ग आठवला. आर्थिकदृष्ट्या मागासांच्या, म्हणजे ईबीसीच्या, फी-सवलतीचे फॉर्म आले की आमचे वर्गशिक्षक म्हणायचे, "ईबीसीवाले, उभे राहा." कोणाचा उत्पन्नाचा दाखला आला, कोणाचा तलाठ्याकडे अडकलाय, सगळी चौकशी भर वर्गात. पैसे मात्र नियमानं मिळायचे. नववीत मी घरी सांगितलं, योजना बंद झाली. आईनं फी कुठून भरली, ते मी कधी विचारलं नाही.

बाईंचं म्हणणं, समता म्हणजे नुसती वाटणी नव्हे. कोणाला कोणापुढे मान खाली घालावी लागते ते आधी पाहा. २०१७च्या पुस्तकात त्या हाच प्रश्न घेऊन नोकरीच्या जागी जातात. तिथं कोंबड्या कापण्याच्या कारखान्यांतले कामगार आहेत, ज्यांना लघवीला जायचीही मोकळीक मिळत नाही. मालकाच्या या सत्तेला त्या सरळ 'खासगी राजवट' म्हणतात.

त्यांच्या प्राध्यापकपदाला नाव आहे अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचं. कोलंबियात बाबासाहेबांना शिकवणारे तेच ड्यूई. लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नव्हे, एकमेकांसोबत जगण्याची रीत आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलं, त्यात गुरूंचा सूर स्पष्ट ऐकू येतो. वर्गात हे सांगितलं की मागचा बाक म्हणतो, "म्हणजे बाई आपल्यातल्याच की!"

यंदा आमच्या कॉलेजची शिष्यवृत्तीची यादी फलकावर लावायचं काम माझ्याकडे आलं. नाव, प्रवर्ग, उत्पन्न, सगळं त्यात. मी ती लावली नाही, एकेकाला फोन करून बोलावलं. चार दिवस गेले. हेडक्लार्क अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.