डेव्हिल मे क्राय ५ : तलवारीचे सुख, वाटेचा कंटाळा

‘डेव्हिल मे क्राय ५’ हा कॅपकॉम या जपानी कंपनीचा, राक्षसांशी लढण्याचा व्हिडिओ गेम ८ मार्च २०१९ रोजी आला, तेव्हा मालिकेतील चौथ्या भागाला अकरा वर्षे उलटून गेली होती. मधल्या काळात, २०१३ मध्ये, निंजा थिअरी या ब्रिटिश स्टुडिओने हीच पात्रे नव्या रूपात मांडून पाहिली. तो खेळ वाईट नव्हता, पण जुन्या चाहत्यांनी त्याला घरचा मानले नाही. त्यामुळे तिसरा आणि चौथा भाग घडवणारे हिदेआकी इत्सुनो पुन्हा दिग्दर्शनाला बसल्याचे कळले, तेव्हा अपेक्षा फार वाढल्या. मी हा खेळ इकडे कुडाळला, मिरगाचा पाऊस लागल्यावर, लाइट असेल तेवढ्या वेळात पुन्हा एकदा पूर्ण केला आणि माझे जुने मत अधिकच पक्के झाले. लढाईच्या बाबतीत या जातीच्या खेळांत याच्या तोडीचे फार थोडे आहेत. पण ती लढाई ज्या वाटेवर आणि ज्या क्रमाने आपल्या हाती येते, तिथे हा खेळ कमी पडतो.

या मालिकेत राक्षस मारणे हे मुख्य काम नाही, तो कसा मारला याला गुण आहेत. पडद्याच्या कोपऱ्यात डी पासून तिहेरी एसपर्यंत श्रेणी चढत जाते. तोच तो वार पुन्हा केला तर तिचा वेग मंदावतो आणि आपल्याला फटका बसला तर ती खाली येते. जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक पाहायला बसणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कथा सर्वांना पाठ असते, राक्षस मरणार हेही ठाऊक असते, तरी माणसे पहाटेपर्यंत बसतात ती राजा आज युद्धाला कसा उभा राहतो आणि आयत्या वेळी काय बोलतो हे पाहण्यासाठी. युद्धाला रंग चढला की पखवाजही चढतो, आणि नेमके तेच इथे संगीत करते. खेळातल्या तीन नायकांपैकी नीरो लढत असताना ‘डेव्हिल ट्रिगर’ हे गाणे सुरुवातीला दबक्या आवाजात चालू राहते आणि एस श्रेणी गाठली की त्याचे ध्रुवपद फुटते. आपण चांगले खेळलो म्हणून गाणे पुढे सरकले, ही जाणीव एवढी सुखाची आहे की श्रेणी घसरून गाणे पुन्हा मागे गेले की खरोखर चुटपुट लागते.

नीरोच्या तलवारीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. ‘रेड क्वीन’ नावाच्या या तलवारीच्या मुठीला मोटरसायकलसारखा ॲक्सिलरेटर आहे. गेमपॅडवरचे डावीकडचे खालचे बटण दाबले की इंजिन गुरगुरते आणि पुढचा वार आगीचा होतो. नवखा माणूस लढाई थांबवून, बाजूला उभा राहून तो पिळत बसतो. सरावलेला माणूस प्रत्येक वार शत्रूला लागण्याच्या क्षणी ते बटण टिचकीसारखे दाबतो, म्हणजे दर वाराला इंधनाचा एक कप्पा भरतो. आणि तो क्षण अगदी अचूक साधला तर तिन्ही कप्पे एकदम भरतात. खेळ हे सांगतो, पण त्याची सक्ती कुठेच करत नाही. हे न शिकताही कथा संपवता येते. शिकलात तर मात्र तीच तलवार, तेच राक्षस आणि तेच चौक पार वेगळे वाटू लागतात.

दान्ते हा मालिकेचा मूळ नायक, आणि त्याच्याकडे तर अशा शक्यतांची खाणच आहे. तिसऱ्या भागात लढण्याची शैली आधी निवडून ठेवावी लागत असे. चौथ्यापासून ती लढता लढता बदलता येते आणि इथे ती सोय पूर्ण बहरली आहे. गेमपॅडच्या चार दिशांना चार शैली, त्यावर बदलती शस्त्रे, आणि ती शस्त्रेही एकाहून एक अतरंगी : एक मोटरसायकल दोन भागांत फाडून दोन्ही हातांत करवतीसारखी धरायची, एक टोपी अशी की शत्रूवर फेकून आपल्याच शिलकीतले लाल मणी, म्हणजे या खेळातले चलन, उधळायचे. रॉयलगार्ड शैलीत शत्रूचा घाव नेमक्या क्षणी अंगावर झेलून त्याचे बळ साठवायचे आणि हवे तेव्हा एका ठोशात परत करायचे, यात जी मजा आहे ती मला अन्य कुठल्या खेळात मिळालेली नाही. पण हा दान्ते खेळाडूच्या हाती येतो तो दहाव्या मिशनपासून. एकूण मिशन वीस. ज्याच्याकडे शिकण्यासारखे सर्वांत जास्त, त्याला अर्धा रस्ता संपल्यावर आणायचे आणि मग शस्त्रांवर शस्त्रे भराभर हातात कोंबायची, हा हिशेब मला पटलेला नाही. एका शस्त्रावर हात बसेपर्यंत दुसरे आलेले असते.

नीरोच्या यांत्रिक हातांबाबत माझे मत दोन्हीकडे झुकते. हे ‘डेव्हिल ब्रेकर’ रांगेने लावलेले असतात आणि पुढचा मोडल्याशिवाय किंवा मुद्दाम उडवून दिल्याशिवाय मागचा मिळत नाही. त्यामुळे एकाच हातावर विसंबून राहता येत नाही हे खरे, पण वेळ मंद करणारा हात नेमका हवा असताना तो रांगेत तिसरा असला की चांगले हात नुसते फेकून द्यावे लागतात.

खरा खडा लागतो तो तिसऱ्या पात्राशी. व्ही हा काठी टेकत चालणारा, कविता वाचणारा अशक्त तरुण. तो स्वतः लढत नाही, त्याच्यासाठी एक पक्षी आणि एक काळा चित्ता लढतात, आणि अडचणीच्या वेळी आकाशातून एक अजस्र दैत्य उतरतो. शेवटचा घाव मात्र व्हीने जवळ जाऊन काठीने घालायचा. कल्पना म्हणून हे अप्रतिम आहे, आणि लढाईच्या मधोमध पुस्तक उघडून वाचत राहिले की शक्तीची पट्टी भरते, हा तपशील तर मला मनापासून आवडला. पण प्रत्यक्षात काय होते, तर आपण लांब उभे राहून बटणे बडवतो, प्राणी कोणाला मारत आहेत ते गर्दीत कळत नाही, आणि बऱ्यापैकी श्रेणी आपोआप मिळून जाते. शेजारी बसलेला, इंजिनिअरिंगला असलेला भाचा थोड्या वेळाने म्हणाला, “मामानू, ह्यो सोता कित्याक मारणा नाय?” व्ही असा का आहे याचे उत्तर कथेत आहे आणि ते चांगले आहे, म्हणून इथे फोडत नाही. मात्र कथेतले कारण चांगले असले म्हणून हाताला आलेला कंटाळा कमी होत नाही.

वाटेबद्दलही तेच. सुरुवातीची मिशन एका उद्ध्वस्त शहरात घडतात आणि ती देखणी आहेत. मोडकी दुकाने, खचलेले रस्ते, इमारतींत शिरलेली क्लिफॉथ नावाच्या राक्षसी झाडाची मुळे. आरई इंजिन या कॅपकॉमच्या खेळ बनवण्याच्या प्रणालीची करामत अशी की हे सगळे माझ्या मध्यम कुवतीच्या संगणकावरही न अडखळता चालले. पुढे मात्र आपण त्या झाडाच्या पोटात शिरतो आणि मग तांबूस-काळ्या भिंती, चिकट बोगदे आणि लढाईसाठी मोकळे सोडलेले गोल चौक यांखेरीज फारसे काही दिसत नाही. २००१ च्या पहिल्या भागातला बेटावरचा किल्ला किंवा तिसऱ्या भागातला मनोरा खेळून झाल्यावरही डोळ्यांसमोर राहतो. इथली बारावी आणि सोळावी मिशन मी एकमेकांपासून सांगू शकणार नाही. त्यातच अरुंद जागेत कॅमेरा भिंतीला घासतो आणि पाठीमागचा राक्षस दिसेनासा होतो. चौथ्या भागात दान्तेला नीरोच्याच वाटेने उलटे पाठवले होते, तो आळस इथे नाही, एवढेच समाधान.

लेडी आणि ट्रिश या मालिकेतल्या दोन जबरदस्त स्त्रिया. त्यांना आधी राक्षसांच्या पोटात कोंडून आणि सोडवल्यावर गाडीत बसवून ठेवले आहे. याला काहीही सबब नाही. त्यामानाने नीरोचे यांत्रिक हात बनवणारी निको ही सिगारेट ओढणारी, तोंडाळ कारागीर भलतीच जिवंत उतरली आहे.

खरे पैसे देऊन लाल मणी विकत घेण्याची सोय आहे, तिच्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. साधे खेळूनही कामाच्या सर्व करामती विकत घेता येतात, आणि ज्यांची किंमत लाखांत आहे त्या बहुतेक शत्रूला चिडवण्याच्या अदा आहेत. दान्तेचा जुळा भाऊ व्हर्जिल याला घेऊन खेळता येणारा भाग डिसेंबर २०२० मध्ये संगणकावरही आला, पण नव्या कन्सोलवरच्या विशेष आवृत्तीतली राक्षसांच्या झुंडींची अवघड पातळी त्यासोबत मिळाली नाही, ही संगणकवाल्यांची रास्त तक्रार आहे. ज्यांना झाडाच्या पोटातल्या बोगद्यांचा वीट आला असेल त्यांनी कथा एकदा संपवून सरळ ‘ब्लडी पॅलेस’ उघडावे. एप्रिल २०१९ मध्ये मोफत दिलेल्या या भागात १०१ मजले आहेत, प्रत्येक मजल्यावर फक्त लढाई आहे, आणि तिथे दान्ते पहिल्या मजल्यापासूनच सोबत नेता येतो. सुरुवात करताना ‘डेव्हिल हंटर’ पातळी निवडावी आणि बटणे बडवली तरी आपोआप कॉम्बो, म्हणजे वारांची साखळी, काढून देणारी मदत बंद ठेवावी.