शेवटची पाळी कधी आली होती?

डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला आणि मला सांगता येईना. घरच्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहिलेले, गॅस लावल्याची तारीख लिहिलेली. माझ्या पाळीची एकही नाही.

वय 41. वर्षभर पाळी कधी दोन-दोन महिने यायची नाही, आली की दहा दिवस थांबायची नाही, गाठी पडायच्या. माहेरी-सासरी सगळ्यांचं एकच, "चाळिशी आली, आता असंच व्हायचं." मीही ते खरं धरून अंगावर काढलं. मध्ये एका दवाखान्यात काहीही न तपासता पाळी यायच्या गोळ्या दिल्या. त्या महिन्यात आली, पुढे पुन्हा तेच. एक जिना चढून धाप लागायला लागली तेव्हा घाबरले.

बाईंनी आधी लघवी तपासली. पाळी चुकली की दिवस गेलेत का हे पाहायचंच, वय काहीही असो, म्हणाल्या. मग रक्त, आणि भरपूर पाणी पिऊन सोनोग्राफी. बीज वेळेवर तयार होऊन बाहेर पडलं नाही, तर गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि मग एकदम जास्त जातं, हे त्यांनी चिठ्ठीमागे चित्र काढून दाखवलं. माझं अस्तर ठीक होतं. हिमोग्लोबिन मात्र 8.2, म्हणजे कमी, आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, 18, म्हणजे जास्त. थायरॉईड मंदावलेलं, म्हणून पाळी बिघडलेली! चाळिशीच्या नावावर मी वर्षभर रक्त घालवत होते.

मोजायचं कसं, तेही तिथेच कळलं. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. मी पाळी संपल्यापासून मोजायचे. साधारण 21 ते 35 दिवसांत येत असेल तर चार दिवस इकडेतिकडे चालतात. नुकत्या वयात आलेल्या मुलींचं तर पहिली दोन-तीन वर्षं मागेपुढे होतंच. पण तीन महिने आलीच नाही, आठवड्यावर चालली, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसला, तर दाखवायचं. तासातासाला पॅड भिजायला लागलं तर त्याच दिवशी.

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहा तासाभराने. लोहाची गोळी तिच्यासोबत घेतली तर थायरॉईडची अंगी लागत नाही, म्हणून ती दुपारी जेवणानंतर. दीड महिन्याने पुन्हा टीएसएच, मग गोळीची मात्रा थोडी वाढवली. चौथ्या महिन्यापासून कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिलेलं अंतर: 33, 30, 31.

परवा थोरल्या जाऊबाई ते पाहून हळूच म्हणाल्या, "माझी जाऊन दोन वर्षं झाली गं, पण या महिन्यात दोनदा डाग दिसला. थोडासाच." मी म्हटलं, "वहिनी, पाळी गेल्यावर थोडासाही चालत नाही." उद्या सकाळी 11 ची वेळ घेतली आहे. दोन्ही तारखा चिठ्ठीवर लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेवल्यात.