पलविना त्रेत्येवा

1998 सालचा पावसाळा. रशियन दुभाषी म्हणून माझं पहिलंच काम, पुण्याबाहेरच्या एका कारखान्यात. नवा प्रेस बसवायला आलेले रशियन इंजिनिअर सकाळी म्हणाले, क्रेन हवी 'पलविना त्रेत्येवा'ला. पलविना म्हणजे अर्धा, त्रेत्येवा म्हणजे तिसऱ्याचा. मी सांगून मोकळी झाले: साडेतीन. पाळी सुटायच्या वेळी कशाला क्रेन बोलावतात, असं सुपरवायझर कुरकुरलाही. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

अडीचला ते रशियन साहेब हेल्मेट घालून भर पावसात फाटकाशी हजर. क्रेन आली साडेतीनला, तेव्हा फिटर मंडळी डबे घेऊन बसकडे निघाली होती. साहेब रागावले नाहीत; नुसतं घड्याळावर बोट ठेवलं. ते जास्त लागलं.

दोन वाजले की तिसरा तास सुरू होतो, तो अर्धा सरला की 'तिसऱ्याचा अर्धा'. म्हणजे अडीच! हे वर्गात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

रात्री झोप येईना, म्हणून जुन्या रशियनचं व्याकरण काढलं. तेव्हा हा हिशेब घड्याळापुरता नव्हताच. दीडला 'पोल व्तोरा', दुसऱ्याचा अर्धा: पहिला पुरा, दुसरा निम्मा. तोच झिजून आजचा 'पलतरा'. अडीचला तसाच 'पोलत्रेत्या' होता. तो पुढे गळाला. आता रशियन माणूस सरळ 'दोन आणि अर्धा' म्हणतो. घड्याळाने मात्र जुनी रीत सोडली नाही.

मग सहज आपल्या 'अडीच'चं मूळ पाहिलं. संस्कृत अर्धतृतीय. तिसरा अर्धा! मी कपाळावर हात मारला. आणि औट म्हणजे साडेतीन, तो अर्धचतुर्थ.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये हे सांगितलं. निवृत्तीला आलेले एक फिटर चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "बाई, आम्हाला मास्तरांनी अडीचकी, औटकी छड्या मारून पाठ करून घेतलीय." आणि डोळे मिटून त्यांनी औटकीचा पाढा थेट दहा औटे पस्तीसपर्यंत म्हणून दाखवला. शेजारचा अप्रेंटिस पोरगा ऐकतच राहिला.

"काका," त्याने विचारलं, "औट कोण झाला?"