तुमच्याच सड्यावर होती, मग दिसली कशी नाहीत?

माझं गाव राजापूर तालुक्यातलं, सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचं. हे कळलं की पाहुणा आधी आंब्याचं विचारतो, मग कातळशिल्पांचं, म्हणजे सड्याच्या कातळात फार पूर्वी कुणी कोरलेल्या चित्रांचं. आणि तिसरा प्रश्न ठरलेला: "एवढे मोठाले हत्ती-वाघ तुमच्याच सड्यावर होते, मग तुम्हाला आधी दिसले कसे नाहीत?" सुरात थोडी कीव असते. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

दिसली होती. आमच्या सड्यावर एक लांबलचक खोदीव रेघ आहे, टोकाशी वळलेली. मृगाचा पाऊस झाला की तिच्यात पाणी साचायचं. आम्ही पोरं गुरं वाऱ्यावर सोडून त्या पाण्यात करवंदीची पानं टाकायचो आणि पालथं पडून फुंकर मारायचो. ज्याचं पान वळणापर्यंत आधी जाईल तो जिंकला. आजी ओरडायची, "पाय नको हां ठेवू त्यात, पांडवांचं आहे ते!" पांडवांचं म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं. ज्याचा कर्ता सापडत नाही ते पांडवांनी एका रात्रीत केलेलं, हा हिशोब आम्हाला पुरेसा होता. मालवण तालुक्यात कुडोपीला तर त्या जागेचं नावच बाहुल्यांचं टेंब. बाहुल्या बघितल्याशिवाय कुणी असं नाव ठेवील का?

दिसलं नव्हतं ते अख्खं चित्र. आमच्याच तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे. त्याच्या पोटात उभे राहिलात तर पायाशी चार खाचा दिसतील, हत्ती नाही. त्या पोटात आणखी कितीतरी लहान-मोठे प्राणी कोरलेत, त्यामुळे डोळा अधिकच गोंधळतो. ड्रोनमधून काढलेला फोटो पाहिला तेव्हा सोंड कुठे आणि शेपूट कुठे, हे मलाही कळलं.

दुसरी गोष्ट रंगाची. जांभा, म्हणजे सड्याचा हा दगड, फोडला की आत लालभडक निघतो, पण उन्हापावसात वर्षानुवर्षं पडून तो काळा होतो. शिल्पाच्या रेघासुद्धा आतून तशाच काळ्या आहेत, भोवतालच्या कातळाइतक्या. काळ्यावर काळं. भर दुपारी त्यावरून चालत गेलात तरी काही जाणवत नाही. एखादी खाच आतून लाल दिसली तर समजावं, कुणीतरी हल्लीच तिथं हात चालवलाय.

मग बदललं काय? विचारणारं कुणीतरी आलं. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती 2012 पासून सडे पालथे घालू लागले. ती माणसं गुराख्यांना विचारत फिरली, म्हाताऱ्यांजवळ बसली. तोवर आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, हे माझं खरं उत्तर. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणपट्टीतली 9 ठिकाणं लागली: रत्नागिरी जिल्ह्यातली 7, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यात कुशावतीकाठचं फणसामळ. त्यानंतर आमच्याकडे पाहुणेही वाढले.

या शिल्पांतलं मला चक्रावून टाकतं ते गेंड्याचं चित्र. कोकणात गेंडा! आमच्याकडे रानडुक्कर आलं तरी वाडीभर चर्चा होते. कोरणाऱ्यानं तो पाहिला असेल तर तेव्हाचं इथलं रान काही वेगळंच असणार. नांगर किंवा शेतीचं चित्र मात्र सापडत नाही, म्हणून अभ्यासक ही शिल्पं शिकारीवर जगणाऱ्या माणसांची मानतात. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस आहे. तो काय करतोय, ते मला विचारू नका.

बघायला यायचं तर सकाळी सातला या, नाहीतर ऊन कलल्यावर. तिरपं ऊन पडलं की खाचेच्या एका कडेला सावली धरते आणि रेघ उठून दिसते. हलक्या हातानं झाडू मारला की पुरे. खडूनं रंगवून फोटो काढणाऱ्यांना मी सरळ हाकलतो. आणि चपला काढा. त्यात शास्त्र नाही, आजी आहे.

एक मात्र खरंच राहून गेलं. शेजारच्या सड्यावर एक गोल आकृती होती, मधे आडव्या-उभ्या रेघा. तिथं चिरेखाण लागली. जमीन मालकाची, परवाना रीतसर, कुणाला दोष देणार? आमच्या पडवीचे चिरेही त्याच खाणीतले. गिलावा अजून केलेला नाही, म्हणून एकदा सगळ्या चिऱ्यांवरून हात फिरवून पाहिला. तेव्हा गवंडी हसला. म्हणाला, "वरचा काळा थर चिऱ्याच्या कामाचा नाही हो, तो आधीच फोडून बाजूला काढतात. कुंपणाच्या गडग्याला जातो तो."

आमच्या वाडीत गडगे पुष्कळ आहेत.