खंबाटकीला दम, पोलादपूरला हबका

खंबाटकी घाटात गाडी बंद पडली, असं सांगितलं तर पुण्यात कुणी मान वर करूनही बघत नाही. तो घाट गाड्या थांबवण्यासाठीच आहे. एप्रिलातली दुपार, वळणांवर ट्रकांची रांग आणि आमची १९८६ची फियाट. कागदोपत्री तिचं नाव प्रीमियर पद्मिनी, पण घरात तसं कुणी म्हणत नाही. दुसऱ्या गिअरला पाय दाबून निम्मा घाट चढलो आणि तिचा दम गेला. आधी दोन-तीन हिसके, मग मान टाकल्यासारखी गप्प. कडेला घेऊन थोडं थांबलो, तर एका सेल्फमध्ये सुरू. पुढच्या चढावर पुन्हा तेच.

शेजारी आत्या होती. गाडी मूळ तिच्या घरची, आतोबांची. त्यामुळे तिच्या मताला वजन असतं आणि ती ते वापरते. "अरे, पंपावर ओलं फडकं टाक," ती म्हणाली. "हे नेहमी तेच करायचे."

फडकं टाकलं. टाकीतून पेट्रोल ओढणारा, इंजिनाला चिकटून बसलेला एसी पंप उन्हाळ्यात तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ ओढत बसलेला पंप पेट्रोल पुढे ढकलू शकत नाही. जुन्या ड्रायव्हरांचा हा उपाय खरा आहे. पण इथे फरक पडला नाही. टाकीचं झाकणही उघडून पाहिलं. झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि झाकण काढताना 'फुस्स' आवाज येतो. तसंही काही नव्हतं.

अशा वेळी गाडीला काय होतंय यापेक्षा ते नेमकं कधी होतंय, हे बघावं. ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर गाडी अडखळली तर संशय हवा-पेट्रोलचं मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरवर. दाबलेला असताना काही वेळ नीट ओढून मग दम गेला तर संशय मागच्या वाटेवर, म्हणजे टाकी, नळी, फिल्टर, पंप यांच्यावर. कार्बोरेटरच्या वाटीत थोडंसंच पेट्रोल मावतं. चढावर ते भराभर संपतं, पंप तितक्या वेगाने भरू शकला नाही की वाटी कोरडी. थांबलो की वाटी पुन्हा भरते, म्हणूनच गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते.

इंजिन निवल्यावर ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर काढली, कार्बोरेटरकडे जाणारी नळी बाटलीत धरली आणि आत्याला सेल्फ मारायला सांगितलं. बाटलीत ठोक्यागणिक जोरदार चूळ पडायला हवी. आमच्या बाटलीत निम्मी हवा आणि निम्मं पेट्रोल थुंकल्यासारखं येत होतं. पंपाच्या आधी मी पारदर्शक फिल्टर बसवलेला आहे. त्यात बुडबुडे. लोखंडी नळी आणि फिल्टर यांच्यामधल्या बोटभर रबरी नळीला क्लिपपाशी बारीक चिरा गेल्या होत्या. स्ट्रॉला वर भोक पडलं की नारळपाणी ओढताना तोंडात हवा येते, तसा प्रकार. थेंबही गळत नव्हता, कारण ही पंपाची ओढणारी बाजू: पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून गाडीखाली वाकून डाग शोधणाऱ्याला हा दोष सापडत नाही. चिरलेला तुकडा कापून नळी पुन्हा क्लिपने आवळली आणि उरलेला घाट तिने गुमान चढला.

सुरूर फाट्याला वळून वाईत नवी नळी घेतली. साधी नको, इंजेक्शनच्या गाड्यांची द्या, असं दुकानदाराला सांगावं लागलं. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि ऐंशीच्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं.

एक दुखणं गेलं आणि त्याच्याआड दडलेलं दुसरं समोर आलं. वाईबाहेर एसटीला ओव्हरटेक करायला पाय दाबला तर अर्धा सेकंद काहीच नाही, कार्बोरेटरमधून एक 'फट', आणि मग पिकअप. हाच तो हबका. आत्याने एसटीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं.

इंजिन बंद करून एअर फिल्टर काढला, सोलेक्स कार्बोरेटरच्या घशात डोकावत हाताने थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) उघडला. पाय दाबल्याबरोबर जादा पेट्रोल मारणाऱ्या ॲक्सिलरेटर पंपाची धार लगेच आणि सरळ पडली, म्हणजे तो बरा होता. मग निघताना चोक किंचित ओढून ठेवला. हबका गायब! चोकने हवा कमी होते. हवा कमी करून गाडी सुधारत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. हिशोब सोपा आहे. एक किलो निव्वळ पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. आमचा कार्बोरेटर जुन्या मापानेच पेट्रोल देत राहतो.

पसरणी घाटात (पायथ्याचं पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, हे आत्या दर वेळी सांगते) चोक आत ढकलून दिला होता. पाचगणीपर्यंत हबका निम्मा झाला, महाबळेश्वरात उरलाच नाही. आत्याच्या मते गाडीला थंड हवा मानवली. खरं कारण विरळ हवा. सुमारे १,३७० मीटर उंचीवर हवेची घनता बारा-तेरा टक्के कमी भरते, आणि कार्बोरेटरचं मिश्रण त्याच्या साधारण निम्म्याने गडद होतं, म्हणजे त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इथेनॉलने जे पातळ केलं, ते डोंगराने बरंचसं भरून काढलं. एरवी याच उंचीवर जुन्या गाड्या काळा धूर सोडत कुंथतात. आमची दोन दोषांची बेरीज शून्याच्या आसपास आली होती.

तर्क खरा असेल तर खाली उतरल्यावर हबका परत यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाटाने, प्रतापगडाचा फाटा मागे टाकत, पोलादपूरला उतरलो. खाली भट्टीसारखं ऊन. महामार्गाला लागताना पाय दाबला आणि तो आला. इतका आनंद मला गाडी अडखळल्यावर कधी झाला नव्हता.

महाडला एका गॅरेजात जुने मिस्तरी भेटले. त्यांनी आधी प्लग काढले. टोकं पांढरटली होती, म्हणजे पेट्रोल कमीच पडत होतं. मग औषधाच्या जुन्या डबीतून पितळी जेट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मापून सोडणारे भोकाचे तुकडे, काढून भिंगाखाली आकडे वाचले. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. पाच आकडे मोठा, म्हणजे पाच शतांश मिलिमीटरने रुंद जेट त्यांनी बसवला, आयडलिंग (उभ्या गाडीतली इंजिनाची चाल) जुळवलं आणि एक चक्कर मारून आले.

"मिस्तरी, आता ॲव्हरेज किती पडेल?" आत्याने विचारलं.

"आजी, थोडं कमीच पडेल. पण घाटात पायी चालावं लागणार नाही."

महाबळेश्वरला जाताना हा जेट जास्तच गडद पडणार, म्हणून जुना त्यांनी कागदात गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवायला दिला. आम्ही आंबेतमार्गे दापोलीला निघालो.